पाण्याच्या नळीचा रंग

बुरशीचं एन्झाइम घातलेली परीक्षानळी लालच्या लाल राहिली आणि नुसतं पाणी घातलेली मात्र मस्तपैकी पिवळी झाली. सकाळपासून रडकुंडीला आलेल्या पोरीनं कपाळाला हात लावला.

पेशीचं आवरण ज्या फॉस्फोलिपिडांचं बनतं, त्यांना एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. त्यातली शेपटी कापणारं एन्झाइम बुरशीतून काढायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. प्रत्येक नळीत ही फॉस्फोलिपिडं आणि आम्ल लागलं की पिवळा होणारा लाल रंग घातलेला; शेपटी तुटली की आम्ल सुटतं आणि लाल नळी पिवळी होते. पण पाणी कधी शेपट्या कापतं का? आणि उद्या समितीला काही दाखवता आलं नाही, तर तिची नोंदणीच रद्द होणार होती.

"पाण्यानं कात्री चालवली म्हणे!" तिच्या मार्गदर्शक बाई कडाडल्या. त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतलेही उगीच कामाला लागत. "नळ्या धुतल्यास का नुसत्या विसळल्यास? पुन्हा कर!"

मान खाली घालून, नाक ओढत तिनं पुन्हा केलं. पाण्याची नळी पुन्हा पिवळी!

आता बाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं, हे काहीतरी वेगळंच आहे गं!" त्यांनी तिला चहा पाजला, पाठ थोपटली आणि शेजारी बसून प्रयोग करवून घेतला. नळी लाल.

रागावल्या की पिवळी, लाड केले की लाल. हे काय गौडबंगाल? पोरगी विचार करत राहिली. पाण्याची नळी रांगेत सगळ्यांत अलीकडे, थेट तिच्या नाकाखाली. तिनं गालावर हात फिरवला आणि ती ओरडलीच, "बाई, माझे अश्रू पडले त्यात!"

बाईंनी भराभर संदर्भ चाळले. "खरंच की! डोळ्यात शिरलेल्या जंतूंचं आवरण फोडायला अश्रूंत हे एन्झाइम असतंच. बुरशी गेली उडत. उद्या हेच दाखव!"

दुसऱ्या दिवशी समिती समोर बसली आणि पोरगी इतकी खुशीत की डोळे कोरडे ठणठणीत.

"बाई, ओरडा ना," ती कुजबुजली.

"गधडे!" बाई म्हणाल्या. पोरीला हसू फुटलं.

समितीचे अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले. "काही नसेल, तर नोंदणी..."

"रद्द करू नका हो," बाई म्हणाल्या. "एवढी जीव तोडून काम करते पोर. ही गेली तर मी ओरडू कुणावर?" बाईंचे डोळे भरून आले.

"बाई, हलू नका!" पोरीनं झटकन त्यांच्या गालाला नळी लावली. सगळे टक लावून बघत राहिले. हळूहळू नळी पिवळी झाली.

"कमाल आहे! मुदतवाढ मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

ते ऐकलं मात्र, पोरगी हमसाहमशी रडू लागली.

"आत्ता रडतेस होय गं!" बाई डोळे पुसत खेकसल्या. "वाया घालवू नकोस, नळी धर!"