थोरलीच्या अपात्रतेसाठी अर्ज

वाहन हे माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते, हा समज बरीच वर्षे निष्कारण टिकून राहिला. प्रगत समाजात वाहन आडवे जाण्यासाठी असते. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. यात गाडीचे तोंड एका दिशेला असते, गाडी घसरत दुसऱ्याच दिशेला जाते, मागच्या चाकांतून धूर निघतो आणि सगळे आटोपल्यावर गाडी जिथून निघाली साधारण तिथेच येऊन थांबते. (वाचनालयाच्या कार्यकारिणीचे काम ग्रंथपाल म्हणून मी चौतीस वर्षे जवळून पाहिले असल्याने मला हा खेळ समजायला वेळ लागला नाही. मात्र माझ्या समजण्यावर कोणी फारसे विसंबू नये.)

आमच्या भागात ड्रिफ्टिंगचे एक मंडळ आहे. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दर रविवारी सकाळी ते भरते. मंडळाचे तेवीस सभासद आहेत. पैकी एकोणीस जणांकडे ड्रिफ्टिंगची गाडी आहे, त्यांतल्या अकरा गाड्यांना इंजिन आहे आणि सहा गाड्यांना चाकेही आहेत. उरलेल्या विटांवर उभ्या असून त्यांच्याविषयी सर्वांत जास्त बोलले जाते.

माझा भाचा या मंडळाचा उपाध्यक्ष आहे. तो दंतवैद्य आहे, त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि रविवारी हेल्मेट घालतो. त्याने एक दिवस घरी येऊन मला सांगितले, "मामा, गाडी निवड समितीला सचिव हवाय. तुम्हाला लिहिता येतं. आमच्यात कुणाला येत नाही."

मला मोटारीतले काही कळत नाही, असे मी म्हणणार होतो. पण मी वाक्याची जुळवाजुळव करीत होतो तोवर त्याने चहा संपवून आभार मानले.

सचिव झाल्यावर मी अभ्यास केला. ड्रिफ्टिंगसाठी लोकप्रिय असलेल्या गाड्यांचे पुढील प्रकार आढळले.

पहिला प्रकार, जपानी, दोन दारांची. ही तीसेक वर्षांपूर्वी साध्या नोकरदारांसाठी बनवली होती. तेव्हा ती आडवी गेली तर लोक गॅरेजमध्ये नेत. बनवणे बंद झाल्यापासून तिची कीर्ती वाढत गेली. (असे काही लेखकांचेही होते. मी कपाटे लावलेली असल्याने जबाबदारीने सांगतो.)

दुसरा प्रकारही जपानी, पण लहान, चौकोनी आणि अशक्त. हिच्यात ताकद नसल्यामुळे सगळे चालवणाऱ्याच्या कौशल्यावर असते, असे हिचे मालक सांगतात. ते हे फार वेळा सांगतात.

तिसरा, जर्मन, चार दारांची. ही मुळात वकील आणि कंत्राटदार यांच्यासाठी होती. आता ती वकिलांच्या मुलांकडे आहे.

चौथी अमेरिकन. हिचे इंजिन इतके मोठे असते की ती सरळ जायलाच कुरकुर करते. वळणावर मात्र कुणी न सांगता आडवी होते. मंडळात अशी एकच आहे आणि ती आवाराच्या भिंतीत आहे.

राहिली पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. दहांतल्या नऊ घरांत हीच असते. ती आज्ञाधारक, काटकसरी आणि सुरक्षित असल्यामुळे मंडळात तिला प्रवेश नाही. तिच्या मालकाला सभेत बसता येते, टाळ्या वाजवता येतात. बोलता येत नाही.

या सर्व गाड्यांत समान काय, हे शोधण्यासाठी मी सभासदांना एक प्रश्न विचारला : आपण हीच गाडी का निवडली? चौदा जणांनी "बॅलन्स" असे उत्तर दिले. तिघांनी "वजन" असे दिले. एकाने "नंतर सांगतो" म्हटले. एकाने, तो सर्वांत नवीन होता, "भिंतीवर फोटो होता" असे सांगितले. त्याला नंतर समज देण्यात आली.

समितीचे मुख्य काम वेगळेच होते. प्रत्येक सभासदाला सराव करायचा होता, परंतु स्वतःच्या गाडीवर करायचा नव्हता. त्यामुळे "मंडळाची गाडी" असावी असे ठरले. ही गाडी भागातल्या एखाद्या नागरिकाने प्रेमाने द्यावी आणि कोणाची घ्यायची ते समितीने ठरवावे, अशी योजना होती. नियमावली करण्याचे काम माझ्याकडे आले. मला लिहायला बसले की उत्साह येतो, हा माझा जुना दोष आहे. मी चौदा नियम केले. नियम दहा असा : निवड झालेल्या गाडीच्या मालकास हरकत घ्यायची असल्यास त्याने सभेत उभे राहून, स्पष्ट व मोठ्या आवाजात घ्यावी, लेखी हरकत ग्राह्य धरली जाणार नाही. वाचनालयात लेखी तक्रारींचा मला फार त्रास झाला होता. नियम सर्वांना आवडला.

पुढच्याच रविवारी भाच्याने मला बाजूला घेतले. "मामा, तुमची थोरली अजून चालते ना?"

थोरली म्हणजे आमची गाडी. मुलीच्या जन्माआधी तीन महिने ती घरी आली, म्हणून ती थोरली आणि मुलगी धाकटी. राखाडी रंग, चार दारे, लांब डिकी, वय एकतीस. धाकटीला आम्ही दवाखान्यातून तिच्यातूनच घरी आणले. तेव्हा मी इतक्या हळू चालवली होती की मागचा सायकलवाला पुढे जाताना आत डोकावून "सगळं ठीक ना?" असे विचारून गेला.

"चालते," मी म्हणालो. खोटे बोलायला आधी तयारी लागते.

"मागची चाकं ओढतात ना तिची?"

"मला वाटतं, हो."

"वाटतं काय मामा, मी लहानपणी तिच्यात बसून ओकलोय. मागचीच!"

त्याच आठवड्यात मंडळाचा मिस्त्री पाना घेऊन "नुसतं बघायला" आला. त्याने बॉनेट उघडले, गाडीखाली झोपला, आणि मग मागची सीट एका हिसक्यात उचलली. सीटखालून एक लहान पिवळा मोजा निघाला. बोटभर लांबीचा.

"काका, ही सीट पहिली जाणार," मिस्त्री म्हणाला. "फुकटचं वजन."

माझ्या पत्नीने तो मोजा त्याच्या हातातून घेतला, धुतला आणि दोरीवर एकटाच वाळत घातला. मग ती स्वयंपाकघरातून बोलू लागली.

"अहो, तुम्ही नको म्हणालात ना?"

"मी कळवणार आहे."

"कळवणार म्हणजे?"

"लेखी."

"आयुष्यात कधी कुणाला तोंडानं नको म्हणालात? जेवताना म्हणता येत नाही तुम्हाला. ताट भरत राहतं आणि हे खात राहतात. तुमच्या बहिणीचा तो मुलगा दात काढता काढता आता गाड्या काढायला लागलाय, आणि तुम्ही त्याला अर्ज करणार!"

धाकटीला तिने फोन लावला. धाकटी दूरच्या गावी असते. "बाबा, गाडीच तर आहे," ती म्हणाली. मग विचारले, "काय काय काढणार म्हणाले?" मी म्हणालो, मागची सीट. त्यावर ती म्हणाली, "जेवलात का?"

लेखी हरकत चालत नव्हती. (नियम दहा.) परंतु गाडी मुळात अपात्र ठरली, तर हरकतीचा प्रश्नच येत नव्हता, आणि अपात्रतेचा अर्ज लेखी करण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. मी तीन दिवस बसून थोरलीचे सर्व दोष लिहून काढले. स्वतःच्या माणसाचे दोष लिहिताना हात अडखळतो, पण तिच्या भल्यासाठीच ते होते. अर्ज असा :

"सदर गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते. वळणावर तिचे बूड बाहेर जाते. इंजिन जड व पुढे असून मागचा भाग हलका आहे. स्टिअरिंग वाजवीपेक्षा फार जास्त वळते. हँडब्रेक ओढल्यास मागची चाके जागीच अडकतात. त्यामुळे एकदा मंडईसमोर गाडी आपोआप उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली व मालकास भाजी न घेता परत यावे लागले. गिअर हातानेच टाकावे लागतात. चालकाला सावरून घेणारी कोणतीही आधुनिक यंत्रणा तिच्यात नाही. तिचे सुटे भाग कोणालाच नको असल्याने प्रत्येक भंगारवाल्याकडे ढिगाने पडलेले आहेत. सबब, तिला अपात्र ठरवावे ही विनंती."

सभेत हा अर्ज मिस्त्रीने वाचला. सुरुवातीला तो भरभर वाचत होता. तिसऱ्या वाक्याला त्याचा वेग कमी झाला. भंगारवाल्यापाशी आल्यावर त्याने कागद खाली ठेवून चष्मा पुसला.

"काका," तो म्हणाला, "मी तीस वर्षं धंद्यात आहे. एवढ्या मायेनं गाडीबद्दल बोलताना कुणाला ऐकलं नाही."

"मंडईसमोर एकशे ऐंशी अंशांत!" अध्यक्ष म्हणाले. त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि ते सहसा भारावत नाहीत. "आणि हे आपल्याला कधी बोलले नाहीत."

"मामा तसेच आहेत," भाचा म्हणाला. त्याने हेल्मेट काढले. "मनातलं बोलत नाहीत, लिहितात."

थोरलीला शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी गुण पडले. ठराव चार मिनिटांत एकमताने मंजूर झाला. (खुर्च्यांना कोणत्या रंगाची कव्हरे घालावीत हा विषय दोन सभा चालला होता.) मग अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारले, मालकाची काही हरकत?

मी उभा राहिलो. मला स्पष्ट व मोठ्या आवाजात बोलायचे होते. मी घसा साफ केला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी बसलो.

घरी आलो तर दार उघडेच होते. पत्नी थोरलीत मागच्या सीटवर बसली होती. गाडी बंद, काचा वर. मांडीवर मोजा. मी शेजारी जाऊन बसलो.

"बोललात?"

"उभा राहिलो होतो."

"असं," ती म्हणाली. आणि आम्ही थोडा वेळ कुठेही न जाता बसून राहिलो. एकतीस वर्षांत आम्ही दोघे मागे कधी बसलोच नव्हतो. तिथून रस्ता बराच कमी दिसतो.

त्या दिवशी मी नियमावली पुन्हा वाचली. मीच केली होती, तरी वाचली. नियम अकरामध्ये असे होते की निवड झालेल्या मालकास अधिक गुणांची पर्यायी गाडी सुचवता येईल. ती मान्य झाल्यास मूळ गाडी मोकळी होईल. पर्यायी गाडीच्या मालकास मात्र रीतसर, शक्यतो चांगल्या भाषेत, कळवावे.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी वही घेऊन फिरायला निघालो. आपल्या भागात दोनशे बारा गाड्या उभ्या असतात. मागची चाके ओढतात की पुढची, हे वाकून खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. माझे गुडघे दुखतात, तरी मी वाकत असे. लोकांना वाटले माझे मांजर हरवले आहे. एका बाईंनी तर बशीतून दूध आणून एका चाकापाशी ठेवले. मला खुलासा करायला संकोच वाटला, म्हणून मी दोनदा "मनी, मनी" अशी हाक मारली. एक मांजर आले. ते सध्या आमच्याकडे आहे.

बाराव्या दिवशी ती गाडी सापडली. चार दारांची. रंग धुळीमुळे निश्चित सांगता येत नाही. एका दाराला पोचा आहे, आणि तो कोणामुळे पडला यावर त्या घरात अजून दोन मते आहेत. मागच्या काचेपाशी काहीतरी वस्तू कायमची पडलेली असते. ती तिथे कधी आली हे कोणाला आठवत नाही. मालक तिच्याविषयी चारचौघांत "विकून टाकायची आहे" असे म्हणतात आणि विकत नाहीत. मिस्त्रीने ते घरी नसताना तिला नुसते बघितले. एक्क्याण्णव गुण.

ठराव झाला. थोरली मोकळी झाली. पत्नीने त्या दिवशी मला दोनदा वाढले आणि मी नको म्हणालो नाही.

राहता राहिले रीतसर कळवणे. त्यासाठी मी आपल्या दारापर्यंत दोनदा येऊन गेलो. घंटेवर बोटही ठेवले होते. पण आतून हसण्याचा आवाज आला आणि अशा वेळी माणसाला त्रास देणे मला जमत नाही. म्हणून हे लिहिले. चांगल्या भाषेत असावे असा प्रयत्न केला आहे. न जमल्यास क्षमा असावी.

हरकत असल्यास येत्या रविवारी उभे राहून, मोठ्या आवाजात घ्यावी. आपण आतापर्यंत हे मनातल्या मनात वाचले असेल, तर ती हरकत धरली जात नाही. सुरुवातीला आपण थोडे हसलाही असाल. त्याची नोंद संमती म्हणून झाली आहे.

मिस्त्री सोमवारी येईल. तो मागच्या सीटपासून सुरुवात करतो. त्याआधी एकदा सीट उचलून खाली पाहून घ्यावे. काहीतरी असेलच. ते काढून ठेवावे. वजनाच्या बाबतीत समिती फार काटेकोर आहे.