ठकू नावाचा दगड

जंगल कुठलं ते विचारू नका, बाळांनो. विचारलंत तर मलाही तिथल्या तरसाकडे अर्ज करावा लागेल, आणि आता माझं वय झालं.

त्या जंगलात भिवरा नावाची पिंगळी राहायची. पिंगळी म्हणजे छोटं घुबड, एवढं तरी ठाऊक आहे ना? नसेल तर शाळेत काय करता देव जाणे. भिवरा रात्रभर आभाळ बघायची. हे वेड तिला तिच्या ठकूआत्याने लावलं होतं. आत्याचे डोळे आता गेले होते आणि पंखही थकले होते.

एकदा भिवराला एक टिपका दिसला. बाकीच्या चांदण्या आपापल्या जागी, हा मात्र रोज तसूभर सरकलेला. भिवरा आठ वर्षं त्याच्या मागे लागली. तो एक लहानसा दगड निघाला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या वाटेने सूर्याभोवती फिरायचा. एका फेरीला चार वर्षं लागायची.

"आत्या, याला तुझं नाव देणार," भिवरा म्हणाली.

"चल, काहीतरीच तुझं!" म्हातारी चक्क लाजली. मग हळूच म्हणाली, "द्यायचं तर लवकर दे गं. मला ऐकू येतंय तोवर."

भिवरा नामकरण कक्षात गेली. तिथे तरस बसायचा.

"कक्षा ठरली का?" तरसाने विचारलं.

"ठरली की, साहेब! सूर्याभोवती..."

"म्हणजे प्रकरण सूर्याच्या कक्षेत येतं. सूर्याचं ना-हरकत पत्र आणा."

"अहो साहेब, कक्षा म्हणजे त्याची फिरायची वाट!"

"मला मराठी शिकवू नका, बाई. बावीस वर्षं या कक्षात बसलोय. शेजारी कोण आहेत?"

"एका बाजूला मंगळ, दुसऱ्या बाजूला गुरू."

"दोघांच्याही सह्या लागतील."

हसू नका. त्या मूर्खाने हे लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला. भिवरा चकरा मारून मारून दमली. घरी आली की आत्या विचारायची, "झालं का गं?" भिवराला रडू फुटायचं.

मग बातमी सिंहाच्या कानावर गेली.

"आभाळात बिननावाचा दगड आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

तरस फाइल घेऊन धावत आला. सूर्याचं पत्र? लागलं नाही. मंगळाची सही? छे, कशाला! एका दुपारीत नाव ठरलं, 'महाप्रतापी वनराज'. बारशाची तारीखही ठरली.

आता बारसं म्हटलं की आत्या हवीच. तिने आधी कानात नाव सांगायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं. सगळं जंगल जिला आत्या म्हणायचं, ती एकच म्हातारी होती. जिचं नाव डावललं, तिलाच ते निर्लज्ज नाव ठेवायला घेऊन आले. भिवरा भयंकर संतापली.

पण दगडाला कान कुठून आणायचा?

"महाराज," तरस म्हणाला, "दगडाच्या वतीने आपणच पाळण्यात बसावं."

आणि बसला की तो! एवढा मोठा सिंह, पाय पोटाशी घेऊन, पाळण्यात. कुणी हसलं नाही. सगळ्यांना आपापला जीव प्यारा.

ठकूआत्या चाचपडत वाकली. "कुर्रर्र" म्हणाली. मग सिंहाच्या कानात कुजबुजली, "महाराज, हा दगड उद्या खाली आला, तर जंगलभर एकच ओरड होईल. वनराज पडला, वनराज पडला!"

सिंहाने पाळण्यातून उडी मारली.

"रद्द करा! माझं नाव नको! म्हातारे, तुझंच राहू दे. पडायचं तर तू पड!"

तरसाने ताबडतोब पुकारलं, "दगडाचं नाव ठकू!"

सगळं जंगल ओरडलं, "ठकू! ठकू!" म्हातारीने ते मान कलती करून ऐकलं. पुन्हा एकदा म्हणा, म्हणाली.

घरी येताना भिवरा म्हणाली, "आत्या, पण तो कसा पडेल? तो आपल्या वाटेने नीट फिरतोय."

"मला ठाऊक आहे गं," आत्या म्हणाली. "सिंहाला नाही ना."

दुसऱ्या दिवशी तरस कागद घेऊन हजर. 'दगड पडल्यास सर्व जबाबदारी माझी राहील.' आत्याने आनंदाने खाली नखी उठवली.

तात्पर्य : आठ वर्षं आभाळ बघून काही मिळत नाही, बाळांनो. आभाळ पडणार आहे, एवढं योग्य कानात सांगता आलं की पुरे. तेव्हा अभ्यास सोडा आणि कुजबुजायला शिका.