निरीक्षकांची उबवणी

घरात मिक्सर लावायला बंदी होती, दार आपटायला बंदी होती आणि शिंक आलीच तर गॅलरीत जाऊन शिंकायचं होतं. बायकोच्या ड्रेसिंग टेबलावर, उबवणीच्या पेटीत, चिखल्या पक्ष्याची चार अंडी होती. पक्षी-निरीक्षक दर तीन तासांनी ती फिरवत आणि हलक्या आवाजात त्यांची विचारपूस करत.

"माझी तब्येत कधी अशी विचारलीत का हो?" बायको म्हणाली.

"हळू बोल. आत ऐकू जातं."

"निदान बॅटरी धरून बघा तरी, आत काही हलतंय का."

"त्यांच्या डोळ्यांवर उजेड मारू?"

निरीक्षकांचा जीव या अंड्यांत अडकला होता, आणि नोकरीही. किनाऱ्यासमोरच्या लांबट वाळूच्या बेटावर चिखल्या नुसत्या खळग्यात अंडी घालत. तीन वर्षं निरीक्षकांनी जिवाचं रान केलं. रोज चार फेऱ्या, मोजपट्ट्या, फोटो, पाट्या. तीन वर्षांत जगलेली पिल्लं शून्य. कधी भरतीने अंडी नेली, बहुतेकदा कावळ्यांनी. "यंदाही शून्य आलं तर इथलं पक्षी-केंद्र बंद, आणि तुम्ही मुख्यालयात टपालावर शिक्के मारायला," असं विभागप्रमुख मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून निरीक्षकांनी शक्कल लढवली. खरी अंडी घरी आणायची आणि पक्ष्यांनी घरटं सोडू नये म्हणून तिथे लाकडी ठेवायची. सासरे जुने सुतार. त्यांनी सोनाराच्या काट्यावर तोलून, ठिपकान् ठिपका रंगवून अशी अंडी केली की कोंबडीलाही पान्हा फुटावा.

बदलाबदलीच्या दिवशी निरीक्षकांनी खरी अंडी एका डब्यात घेतली. लाकडी दुसऱ्या डब्यात होतीच. तेवढ्यात मादी पंख मोडल्यासारखी लंगडत निघाली. शत्रूला लांब न्यायला चिखल्या हे सोंग घेतात, यावर निरीक्षकांनी शाळांमधून अकरा व्याख्यानं दिली होती. पण हिचा पंख त्यांना खरंच मोडलेला वाटला. ते तिच्यामागे ऐंशी पावलं गेले. मग ती मजेत उडाली. परत येऊन त्यांनी वाळूतल्या दोन सारख्या डब्यांकडे पाहिलं आणि पूर्ण आत्मविश्वासाने त्यातला एक उघडला.

त्यानंतर बेटावर जायला त्यांना सवडच नव्हती. चोविसाव्या दिवशी, पिल्लं बाहेर यायच्या मुहूर्तावर, मॅडम स्वतः घरी आल्या. दहा वाजले, बारा वाजले. अंडी ढिम्म. शेवटी सासऱ्यांनी चष्मा लावला, एक अंडं उचललं, नखाने टकटक केलं आणि नाकाशी धरलं.

"जावईबापू, हे सागवान आहे."

निरीक्षकांनी उरलेली तिन्ही टकटक करून पाहिली. "म्हणजे खरी तिकडेच राहिली. चोवीस दिवस, पहाऱ्याशिवाय! मी मारलं त्यांना." त्यांना खरंच रडू आलं. नोकरीचं नावही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

इतक्यात होडीवाल्याचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"साहेब, आहात कुठे? तुमच्या घरट्यातली चारही पिल्लं वाळूत पळतायत! शेजारच्या सहा घरट्यांतलीसुद्धा!"

"आणि कावळे?"

"यंदा कुठले कावळे? ते दरवर्षी तुमच्या पाठोपाठ यायचे ना. तुम्ही जिथे वाकून बघायचात, तिथे तेही बघायचे."

निरीक्षकांना इतका आनंद झाला की लाज वाटायचं राहूनच गेलं. मॅडमनी तिथल्या तिथे केंद्र चालू ठेवल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या कल्पक पद्धतीचं तोंडभरून कौतुक केलं. निरीक्षक अहवालाचा मजकूर जुळवायला टेबलाकडे धावले.

मॅडम जिन्यापाशी थांबल्या. सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी आठ करा. आणि ती खरी म्हणूनच यांच्या हातात पडतील असं बघा."

"करतो की," सासरे म्हणाले. "ठिपकेही जास्त काढतो. मोजत बसतील."