पुजलेली चाकं

चाकांची पूजा आधी झाली आणि चाकं बसत नाहीत हे नंतर कळलं. उलटं झालं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती.

मेहुण्याचा साखरपुडा पाचगणीत, आणि आपण साध्या लोखंडी चाकांवर जायचं, हे पृथ्वीराजला काही पटेना. त्यानं मोबाईलवर फोटो बघून कुणाकडून तरी अलॉय चाकं आणली, जुन्या चाकांचे टायर उतरवून त्यांवर चढवले आणि माधवनगरच्या घराच्या अंगणात ती ओळीनं मांडली. त्याच्या आईनं, अनसूयाबाईंनी, हळदकुंकू वाहून नारळ फोडला. मग पृथ्वीराजनं जॅक लावला, पुढचं चाक चढवलं, नट आवळले आणि चाक हातानं फिरवून पाहिलं. चाक जागचं हललं नाही.

"अडकतंय," त्याची बायको ज्ञानदा म्हणाली. तिच्या कडेवर लेक शिवांजली होती, नुकतीच बसायला शिकलेली.

"नवं हाय. रुळंल जरा."

ज्ञानदानं वाकून पाहिलं. ब्रेकची चकती धरून ठेवणारा लोखंडी जबडा, ज्याला पृथ्वीराज कॅलिपर म्हणायचा, तो चाकाला आतून थेट टेकला होता. मध्ये कागद सरकला नसता.

"अहो, मापच चुकलंय. परत करा ना."

"पुजल्याली वस्तू परत करत्यात व्हय?" अनसूयाबाई ओट्यावरून कडाडल्या. "तुमच्या वाईकडं करत आसतील!"

चाक परत जाणार नाही म्हटल्यावर सरकायचं कुणी, तर ब्रेकनं. या घरात ज्याचं काम थांबवण्याचं असतं, त्यालाच नेहमी सरकावं लागतं. ज्ञानदाला त्याची सवय झाली होती.

सासरे लालासाहेब खुर्ची टाकून बसले. ते फौजेतून निवृत्त झाले होते. नोकरी भांडारात झाली होती, पण ट्रकबद्दल बोलताना त्या भांडाराचा उल्लेख कधी यायचा नाही. "कानस आण," त्यांनी हुकूम सोडला. "जिथं लागतंय तिथं घासून काढ."

"ब्रेक घासणार?" ज्ञानदानं विचारलं.

"वरवर गं! आन् ब्रेक काय सारखा लागतो व्हय?"

ब्रेक घासला. हळदकुंकवावर काळा भुगा साचला. तरी चाक अडकायचं ते अडकलंच. मग धाकटा दीर नानासो लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या घेऊन आला. त्या मागं घातल्यावर चाक बाहेर ढकललं गेलं आणि गरगर फिरलं. अंगणात असा जल्लोष झाला, की शिवांजली दचकून रडायला लागली.

ज्ञानदा तिला थोपटत पुन्हा वाकली. "अहो, चकतीमुळं नटाला जागाच राहिली नाही. जेमतेम दोन-तीन आटे धरतोय."

"धरतोय न्हवं?" नानासो म्हणाला.

"वहिनीसाब, तुमी आत जाऊन बॅगा भरा," असंही तो वर म्हणाला.

बॅगा भरता भरता तिच्या कानावर करकर आवाज आला. चाक बाहेर आलं होतं, त्यामुळं स्टेअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासत होता. नानासोनं हातोड्यानं मडगार्डची कड चेपली. आवाज कमी झाला, पण गेला नाही.

"मग फुल स्टेअरिंग मारायचंच न्हाई," पृथ्वीराजनं तोडगा काढला.

"वाटेत पसरणीचा घाट आहे," ज्ञानदा दारातून म्हणाली. त्या घाटाचं एकेक वळण तिला पाठ होतं.

"सावकाश जायचं घाटात."

"सावकाश गेलं म्हणून वळण सरळ होतं का?"

"शिकल्याली सून म्हंजे घरात पोलीस चौकी," लालासाहेब आभाळाकडं बघून म्हणाले.

चाचणी म्हणून सगळे गाडीत बसले. बसताच गाडी दबली आणि टायर सरळ रेषेतसुद्धा घासायला लागला. सगळे पुन्हा खाली उतरले.

"वजन कमी करू," नानासो म्हणाला. "मी माझी बुलेट काढतो."

"मी आपली यष्टीनं येते," अनसूयाबाई म्हणाल्या. "घाटात मला मळमळतं."

"हिला एकटीला कशी सोडू?" असं म्हणत लालासाहेब उठलेच.

"मग गाडीत कोण?" ज्ञानदानं विचारलं.

"तू, पिरथ्या आन् पोरगी," अनसूयाबाई मायेनं म्हणाल्या. "पोरीचं काय वजन! फुलागत हाय."

ज्ञानदानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळे चाकाकडं बघत होते. ही माणसं भोळी आहेत, यांना धोका कळत नाही, अशी सकाळपासून तिनं स्वतःची समजूत घातली होती. यांना सगळं नीट कळत होतं.

तिनं पिशवी उचलली. "मी आणि शिवांजली एसटीनं जातो. तुम्ही गाडी घेऊन या."

पृथ्वीराजनं चाकाकडं पाहिलं. ग्रीसनं माखलेले हात पुसत बराच वेळ विचार केला. "एकट्यासाठी गाडी काढायची म्हंजे डिझेलचा नास," तो म्हणाला.

तोही एसटीनंच निघाला. नानासोनंही बुलेट काढली नाही.

पाचगणीच्या हॉलमध्ये लालासाहेब व्याह्यांना सांगत होते, "गाडी हाय की वो दारात! नवी चाकं घातल्यात. पर सूनबाईंना भ्या वाटतं. म्हटलं, जाऊ दे, तिच्यासाठी यष्टीनं जाऊ."

ज्ञानदाच्या आईनं, विजयमालाबाईंनी, लेकीला कोपऱ्यात घेतलं. "सगळं घर तुझ्यापायी एसटीनं आलं. किती जपतात गं तुला!"

तिकडं ज्ञानदाचा भाऊ, नवरदेव साईराज, पृथ्वीराजच्या मोबाईलवर चाकांचे फोटो बघत होता. "दाजी, माझीही हीच गाडी आहे!"

"मग घिऊन जा की! आमचा आहेर समज."

"पुजल्यालीच हायत," अनसूयाबाईंनी भर घातली. "परत करू न्हाई, पर द्यायला दोष न्हाई."

"साईराज, ती चाकं ब्रेकला—"

"ताई, तू लहानपणापासून अशीच," साईराज हसत म्हणाला, आणि दाजींच्या पाया पडला.

अंगठी घालून झाली होती. नवी नवरी क्रांती लाजत ज्ञानदाकडं सरकली. तिनं नवं नातं पहिल्यांदाच जिभेवर घेऊन पाहिलं. "वन्सं, त्या चाकांवर गाडी छान दिसेल ना?"

ज्ञानदानं झोपलेल्या शिवांजलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"लय छान दिसंल," ती अगदी सासरच्या बोलीत म्हणाली. "उभी आसली की."