वाढत्या अंगाचं माप

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर खाकी कागद अंथरला आणि अख्खा मंगळवार कापायला घेतला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. वीस वर्षं शर्ट-पँट आणि मुलांचे गणवेश शिवत आलेला हा माणूस. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी: यांच्या टेबलावर कापड वाया जात नाही. दुसरा शिंपी जिथे दोन मीटर मागेल तिथे हे पावणेदोनमध्ये भागवतात आणि उरलेल्यात खिसाही काढून देतात. त्यामुळे मंगळवारी दुकान बंद ठेवून पोरांना शहराबाहेरच्या मोठ्या पार्कात न्यायचं ठरलं, तेव्हा तो दिवसही त्यांनी कापडासारखाच टेबलावर घेतला.

पार्क नऊला उघडतं, सातला बंद होतं. दहा तास. एका तासाला दहा सेंटिमीटर, म्हणजे कागद बरोबर एक मीटर. मग पार्कच्या माहितीपत्रकात बघून त्यांनी एकेका खेळाचा तुकडा कापला. बोटीला सात सेंटिमीटर, भुताच्या घराला चार, घसरगुंडीला पाच. साडेतीन वर्षांच्या धाकट्याची दुपारची झोप त्यांनी बाहीसारखी गोल कापली आणि आई-बाबांच्या जेवणाच्या पोटात बसवली. शेवटी हातात एवढीशी कतरण उरली, तर तिच्यात घोड्यांच्या चक्राची दुसरी फेरी काढली.

काज-बटणाचं काम हातात घेऊन बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"हे काय?"

"मंगळवार."

"आणि ही टिकलीएवढी कसली?"

"शू."

"दिवसभरात एकच?"

"दोन आहेत. दुसरी बोटीखाली गेलीय."

बायकोने कागदावरून बोट फिरवलं. "अहो, पण दोन तुकड्यांच्या मध्ये काही सोडलंच नाहीत तुम्ही. शर्ट असा कापलात तर शिवणार कुठे?"

"दिवस शिवायचा नसतो," मास्तर म्हणाले. "नुसता कापायचा."

बायकोने दाताने दोरा तोडला आणि पुढच्या बटणाला लागली.

सगळ्यात मोठा तुकडा अगदी सुरुवातीला होता. त्याचं नाव उडता अजगर. हा अजगर उंच चढतो, वर जरा थांबतो आणि मग सरळ खाली येतो. मास्तरांच्या सहा वर्षांच्या लेकीला, माऊला, सगळ्या पार्कातलं फक्त हेच हवं होतं. आपण त्यावर बसणार असं तिने वर्गात जाहीरच करून टाकलं होतं. आता अजगरावर बसायला उंची एकशे दहा सेंटिमीटर लागते, आणि वर्गातल्या एका लांब वेणीवालीने सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तुला चढूच देणार नाहीत.

"बाबा, नक्की ना?" टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून माऊने विचारलं.

"मी स्वतः माप घेतलंय तुझं. एकशे दहा. माझं माप आजवर चुकलंय कधी?"

माऊने मान हलवली. बाबांचं माप चुकत नाही हे तिला माहीत होतं. लांब वेणीवालीचा फ्रॉकही बाबांनीच शिवला होता.

मंगळवारी नऊला पाच कमी असताना चौघं दारात हजर. नऊ वाजून एक मिनिटाने आत. दोन मिनिटांनी धाकट्याला बेडूक दिसला. खरं तर ती कचऱ्याची टोपली होती, पण तोंड उघडलेल्या हिरव्या बेडकाच्या आकाराची. धाकट्याने तिच्यात बिस्किटाचा कागद टाकला. मग बेडकाला अजून भूक आहे असं त्याला वाटलं. त्याला एक तिकीट, दोन पानं आणि आईची जुनी यादी भरवून होईपर्यंत अकरा मिनिटं गेली. मग धाकट्याला शू लागली. ती खरं म्हणजे साडेअकराची होती.

"सांगितलं होतं मी," बायको म्हणाली.

"चालायचा वेग वाढवला की निघेल भरून," मास्तर म्हणाले. पण अजगरापाशी पोचले तेव्हा कागदावरची वीस मिनिटांची रांग पन्नास मिनिटांची झाली होती. रांग वळणं घेत घेत एका जिन्याने वर जायची आणि उंची मोजायची खूण होती ती थेट जिन्याच्या शेवटी. मास्तरांना ही व्यवस्था मुळीच आवडली नाही. आधी कापड शिवायचं आणि मग गिऱ्हाइकाला मापाला बोलवायचं, असा तो प्रकार होता.

पन्नास मिनिटांनी माऊचा नंबर आला. तिने बूट काढले आणि ताठ उभी राहिली. पिवळ्या टोपीतल्या कर्मचारी बाईने आडवी पट्टी खाली आणली. पट्टी आणि माऊचं डोकं यांच्यामध्ये जागा राहिली.

"थोडी कमी पडते," बाई म्हणाल्या.

"कमी कशी पडेल? एकशे दहा आहे. मी स्वतः माप घेतलंय."

"काका, सगळेच स्वतः घेतात."

"मी शिंपी आहे."

बाईंनी पट्टीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी खिशातून टेप काढली. ती त्यांच्या खिशात कायम असायची. आधी त्यांनी पट्टीच मोजली. ती बरोबर एकशे दहावर होती. मग ते गुडघ्यावर बसले, माऊच्या टाचेशी टेपचं टोक धरलं, डोक्यापर्यंत नेलं आणि सवयीने म्हणाले, "लिही, एकशे दहा."

चौदा वर्षं नवऱ्याची मापं वहीत लिहीत आलेल्या बायकोने तितक्याच सवयीने विचारलं, "वाढत्या अंगाचं धरून?"

मास्तरांनी टेपवरचा आकडा परत बघितला.

"धरून," ते म्हणाले.

झालं होतं असं. मुलाचं माप घेताना टेपवर जो आकडा दिसतो तो मास्तर कधीच बोलत नसत. डोळा एकशे आठ बघायचा आणि जीभ एकशे दहा म्हणायची. पोर वाढतं, कपडा वर्षभर तरी व्हायला हवा. वीस वर्षांत याबद्दल कोणाची तक्रार आली नव्हती. उलट आया दुवा देत. मंगळवार कापताना जिथे काही सोडायचं तिथे मास्तरांनी काही सोडलं नव्हतं, आणि लेकीच्या उंचीत जिथे बोटभरही सोडायला नको तिथे दोन सेंटिमीटर सोडले होते.

"बाबा," माऊने विचारलं, "मी घरी एकशे दहा होते ना?"

"पुढच्या वर्षी होशील गं."

"मी वर्गात या वर्षीचं सांगितलंय."

ती रडली नाही. रडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने बूट घातले, उलटसुलट घातले, आणि बाजूच्या जिन्याने उतरायला लागली. मास्तर मागून चालले. आपण लेकीला फसवलं, आणि तेही टेप हातात धरून, हे त्यांना फार लागलं.

खाली रांगेच्या तोंडाशी एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. वरचा सगळा प्रकार त्यांनी ऐकला होता. "अहो, जरा याचंही बघता का? एवढं उभं राहून परतच यायचं असेल तर आत्ताच कळू दे."

मास्तरांनी बघितलं. जीभ एकशे सहा म्हणायला निघाली, तिला त्यांनी आवरलं. "एकशे चार," ते म्हणाले. "खरे चार."

आजींनी आभार मानले आणि नातवाला ओढत बोटीकडे नेलं. त्यांच्या मागच्या बाबांनी आपली जुळी पुढे केली. त्यांच्या मागे एक मावशी पाच भाचरं घेऊन आल्या. पाव तासात अजगराच्या रांगेच्या अलीकडे मापाची रांग लागली. माऊ थोडा वेळ कठड्याला टेकून बघत राहिली, मग पुढे आली आणि तिने टेपचं खालचं टोक धरलं.

"बूट काढ," तिने पहिल्या मुलाला फर्मावलं. माप झाल्यावर निकालही तीच द्यायची. "तू जा." किंवा, "तू नाही. मी पण नाही. तिकडे बोट आहे, ती चांगली आहे म्हणतात." बोट तिने अजून पाहिलीही नव्हती.

एक मुलगा बरोबर एकशे दहा भरला तेव्हा माऊला संशय आला. तिने त्याचे मोजे ओढले. आत आणखी मोजे होते, आणि त्यांच्या आत आणखी. त्याच्या आजोबांनी आकाशाकडे बघायला सुरुवात केली. तेव्हापासून नियमच झाला: मोजेसुद्धा काढायचे.

बारा वाजता पार्कचे एक साहेब हातात वॉकी-टॉकी घेऊन आले. "तुम्हाला इथे कोणी बसवलंय?"

मास्तर उठायला लागले. तेवढ्यात जिन्याच्या वरून पिवळ्या टोपीवाल्या बाई वाकून म्हणाल्या, "राहू द्या हो साहेब. तासाभरात वर एकही पोर रडलं नाही, एकाही बापाने वाद घातला नाही."

साहेबांनी जरा विचार केला आणि एक स्टूल आणि मोठी छत्री पाठवून दिली. मग उठणं अवघड झालं. एक वाजता बोटीचा तुकडा गेला, दोनला भुताचं घर. धाकटा नेमून दिलेल्या वेळी झोपला नाही. तो स्टुलाखाली, भलत्याच वेळी, दीड तास झोपला. उठल्यावर आईने त्याला फिरवून आणलं, आणि या फेरीत त्याने तो घडी घातलेला खाकी मंगळवार बेडकाला खाऊ घातला. मास्तरांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

माऊचं काम छान चाललं होतं. पण एक गोष्ट मास्तरांच्या नजरेतून सुटत नव्हती. अजगर डोक्यावरून धडधडत गेला की तिचं तोंड वर व्हायचं आणि हातातलं टेपचं टोक सुटायचं. दर वेळी सुटायचं. सहा वाजेपर्यंत त्यांनी ते सहन केलं. मग गर्दी ओसरली, रांगेत दहा-बारा माणसं उरली, आणि मास्तरांनी स्वतःचा आणि बायकोचा असे दोन रुमाल घेऊन त्यांच्या घट्ट घड्या घातल्या.

"अहो," बायको म्हणाली.

"तू जरा गप्प बस."

त्यांनी माऊला स्टुलावर बसवून तिचे मोजे नीट केले आणि त्यांच्या आत टाचांखाली एकेक घडी सारली.

"हे काय, बाबा?"

"बूट चावू नयेत म्हणून. चल, एकदा वर जाऊन बघू. कधीकधी पट्टीतही फरक पडतो."

वर पिवळ्या टोपीवाल्या बाई दिवसभराच्या कामाने दमल्या होत्या. माऊने बूट काढले, पट्टी खाली आली आणि तिच्या केसांना टेकली. "अरे वा, दुपारभरात वाढलीस की तू," बाई म्हणाल्या आणि साखळी काढायला वळल्या.

"थांबा," माऊ म्हणाली. "मोजे राहिले."

तिथल्या तिथे बसून तिने एक मोजा काढला. निळा रुमाल पडला. दुसरा काढला. फुलाफुलांचा पडला. रांगेतली माणसं शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघायला लागली. मास्तरांना वाटलं, जिन्याने खाली जावं आणि सरळ दुकानात जाऊन बसावं. माऊने रुमालांकडे बघितलं, मग बाबांकडे. सकाळच्या त्या आजोबांकडे ती अशीच बघत होती.

ती उठून पट्टीखाली उभी राहिली. "एकशे आठ," तिने स्वतःच सांगितलं. मग विचारलं, "बाबा, तुम्ही किती?"

"एकशे अडुसष्ट."

"मग तुम्ही बसा. कोणीतरी बसायला पाहिजे. मला वर्गात सांगायचंय."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. घरातला दिवा बदलायला स्टुलावर आजवर तीच चढत आली होती, आणि त्याचं कारण दोघांनाच माहीत होतं. बायकोने शांतपणे त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

अजगर चढायला लागला तेव्हाच मास्तरांनी डोळे मिटले. ते थेट खाली येऊन थांबेपर्यंत उघडले नाहीत. मास्तर उतरले. माऊ कठड्यापाशी वाट बघत होती.

"वरून काय दिसलं?"

काहीही सांगता आलं असतं. डोंगर म्हटलं असतं तर डोंगर, नदी म्हटलं असतं तर नदी. तपासायला कोण जाणार होतं? जिभेवर दोन-चार गोष्टी आल्याही. मास्तरांनी त्या गिळल्या.

"काहीच नाही," ते म्हणाले. "डोळे मिटले होते मी. भीती वाटली."

माऊने विचार केला. रागावली नाही. बराच वेळ तिने बाबांचा चेहरा न्याहाळला आणि त्यात कुठे काही सारलेलं नाही, अशी तिची खात्री पटलेली दिसली.

"मग परत बसा," ती म्हणाली. "उघडे ठेवून."

रांगेत आता कोणीच नव्हतं. पिवळ्या टोपीवाल्या बाईंनी पहिली सीट रिकामी ठेवली होती.