एकशे बारा किलोंचा शब्द

अनुसयाबाई माळवदे यांच्या शब्दाचं वजन एकशे बारा किलो भरलं आणि सामान हलवणाऱ्या कंपनीने त्याचं भाडं वेगळं लावलं. यात कंपनीची काही चूक नव्हती. भाडं वजनावर होतं, आणि अनुसयाबाईंच्या शब्दाला वजन आहे हे अख्ख्या मंगळवेढ्याला ठाऊक होतं. नेमकं किती, एवढंच आजवर कुणी काट्यावर पाहिलं नव्हतं.

पस्तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. दळण पाचला मिळेल म्हणाल्या की पाचला मिळायचं. वीज गेली तर बाई घरच्या जात्यावर दळून देत, पण पाचचे सव्वापाच होऊ देत नसत. भावाभावांत बांधावरून जुंपली, तरी माणसं कोर्टाच्या आधी गिरणीच्या पायरीवर येत. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, गिरणी बंद झाली होती आणि मुलगा दिगंबर त्यांना निगडीला न्यायला आला होता.

दिगंबर मुलगा गुणाचा, पण त्याचं प्रत्येक वाक्य ‘बघू’वर येऊन टेकायचं. बारशाला येणार का, बघू. दिवाळीला येणार का, बघू. आईला न्यायचा विषयही तीन वर्षं ‘बघू’वर लोंबकळत होता.

कंपनीकडून बोराटे नावाचा माणूस आला. त्याने पलंग, कपाट, टीव्ही, दोन ट्रंका अशी यादी केली आणि मग ओसरीवर काटा मांडला. मनापासून असेल ते एक वाक्य बोला, असं त्याने बाईंना सांगितलं. बाईंना विचार करावा लागला नाही. शेजारची शकीला चहा घेऊन आली होती, तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “तुझ्या पोरीच्या लग्नाला आठ दिवस आधी येऊन राहीन.”

काटा एकशे बारावर गेला आणि तिथेच थांबला. बोराटेने रुमालाने काच पुसून पुन्हा पाहिलं. अनुसयाबाईंनी पदर सारखा केला. त्यांना बरं वाटलं होतं, आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

मग बोराटेने खर्च समजावला. शब्द गोधड्यांत गुंडाळावा लागतो, उचलायला चार हमाल लागतात, निगडीच्या घरी तिसऱ्या मजल्याचे जादा पडतात. वाटेत मोडला तर भरपाई नाही, कारण मोडलेला शब्द परत जोडून मिळत नाही. बेरीज बाकीच्या सगळ्या सामानाहून जास्त झाली. दिगंबरचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, शब्द इथंच ठेवला तर?

ठेवता येतो, बोराटे म्हणाला, पण बेवारस शब्द कुणीही वापरतं. खालच्या आळीतल्या एका मास्तरांनी जाताना आपला शब्द माळ्यावर ठेवला होता, तो हल्ली एक जमिनीचा दलाल वापरतो.

“नाहीतर एकदा फिरवून घ्या,” तो म्हणाला. “शब्द फिरवला की वजन निम्म्यावर येतं. दोनदा फिरवला तर पिशवीत मावतो. पुष्कळ गिऱ्हाइकं आदल्या दिवशी फिरवून ठेवतात. पुढाऱ्यांचा तर आम्ही फुकट नेतो, टेम्पोला कळतसुद्धा नाही.”

दिगंबर आईच्या शेजारी येऊन बसला. गुडघ्यांचं कारण सांग, शकीलामावशी समजून घेतील, असं तो हळू आवाजात म्हणाला. शकीलाने ते ऐकलं. कपबशा गोळा करत ती म्हणाली, “आक्का, फिरवा खुशाल. मला राग न्हाई.”

राग नव्हता, हे खरंच होतं. पण तिने कपबशा दोनदा मोजल्या.

अनुसयाबाईंनी एकदा काट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पलंग ऱ्हाऊ दे. कपाट ऱ्हाऊ दे, टीव्ही बी ऱ्हाऊ दे. ह्यो एवढाच न्यायचा. तितं मला कोण वळखतंय, दिगू? ह्यो गेला तर मी कोण?”

दिगंबरने आईला चिडलेली पाहिली होती, थकलेली पाहिली होती. घाबरलेली आज पहिल्यांदा पाहिली. तो उठून उभा राहिला.

“सगळं येणार,” तो म्हणाला. “पलंगही, शब्दही. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी मी स्वतः तुला इथं आणून सोडणार.”

पुढचा ‘बघू’ येईल म्हणून सगळे थांबले. तो आला नाही. काटा हलला आणि एकशे पंधरावर जाऊन बसला.

बोराटेने खाली वाकून आकडा वाचला आणि यादीत खाडाखोड केली. “साहेब, हे वरचे तीन किलो तुमचे,” तो म्हणाला. “भाडं वाढेल.”

दिगंबर काही बोलायच्या आत अनुसयाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. “तेचं मी भरते,” त्या म्हणाल्या. “पावती येगळी फाड. आन् नाव पुरतं लिव्ह, दिगंबर नारायण माळवदे.”

ती पावती त्यांनी शकीलाला दाखवली, समोरच्या दुकानात दाखवली, आणि शकीलाच्या लेकीला मोठ्यानं वाचायला लावली.

चार हमालांनी एकशे बारा किलो गोधड्यांत बांधून टेम्पोत चढवले. तीन किलो मात्र अनुसयाबाईंनी कुणाच्या हाती दिले नाहीत. भाडं भरलेलं असूनही, निगडी येईपर्यंत ते मांडीवर घेऊन बसल्या.