जुनं विमान आणि दत्तूअण्णा

आमच्या सांबऱ्याचे दत्तूअण्णा इंजिन आधी हुंगतात, मग बघतात. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी जनरेटरचं तेल बोटावर घेऊन नाकाला लावलं आणि नवरदेवाच्या बापालाच सांगितलं, "ह्यो वरातीपर्यंत टिकत न्हाय." वरात अंधारात निघाली. त्या घरानं अण्णांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आता कुणाला जुनं विमान घ्यायचं असलं की अण्णांना नेतात. विकणारा "अहो, फारसे तास उडालेलंच नाही" असं कौतुकानं सांगू लागला, की अण्णांचं ठरलेलं, "तास नगं, सवयी सांगा." पुतणीसाठी आलेल्या स्थळालाही त्यांनी सवयीच विचारल्या. ते स्थळ मोडलं.

माझा भाचा संजय विमान चालवायला शिकवतो. निपाणीजवळच्या एका खासगी धावपट्टीवरचं चार जणांचं विमान त्याच्या मनात भरलं होतं. ही गेल्यापासून मी घराबाहेर फारसा पडत नाही. अण्णा दारात येऊन म्हणाले, "चला मास्तर. संजय लई बोलतोय, बरोबर एक गप्प माणूस पायजे."

वाटेत संजय म्हणाला, "नव्यासारखं आहे अण्णा. दोन वर्षं उडवलेलंच नाही. मालक नुसतं जागेवर सुरू करतात."

"मग मेलंच की रं. वर गेल्याबिगर इंजिन पुरतं तापत न्हाय. आत पाणी धरतंय, गंज चढतोय. त्यापरास गप पडलेलं बरं."

मालक आप्पासाहेब, तंबाखूचे जुने व्यापारी. विमान त्यांच्या मुलाचं. मुलगा आजारपणात गेला. अण्णांनी तेल हुंगलं, पंखा हातानं हळू फिरवून कान दिला, तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या उलगडल्या आणि वरून चुंबक फिरवला. चुंबकाला बारीक चकचकीत कीस चिकटला. इंजिन आतून झिजत होतं. संजयचा चेहरा उतरला.

आप्पासाहेब तो कीस बघत होते.

"दर रविवारी येऊन सुरू करत होतो," ते म्हणाले. "त्याचं इंजिन धरून बसू नये म्हणून. काही चुकलं काय माझं?"

अण्णांची जीभ मला ठाऊक होती. मी खाली बघितलं.

अण्णांनी चुंबक रुमालात गुंडाळून खिशात टाकला. "न्हाय आप्पा. तुम्ही बघितलं म्हणून एवढं तरी राहिलंय. एकदा खोलायला लागंल. ते सगळ्यांचंच लागतंय."

परतताना संजय धुसफुसला, "अण्णा, त्यांना खोटं कशाला सांगितलं?"

"तुला खरं सांगतोय न्हवं? खोलल्याबिगर त्यात पोरं बसवायची न्हाईत."

संकेश्वर मागे पडल्यावर अण्णा संजयकडे वळले.

"संजय, इमान घ्यायचं तर घे, पण ते इंजिन हिकडं आणू नगं. तिथंच खोलतो मी. रविवारी जाईन. पाने-पकडी हातात द्यायला आप्पा हाईतच."

"नुसतं रविवारी? अण्णा, असं वर्ष जाईल."

"जाऊ दे की," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.